रिकाम्या गाडीचं माप

नळी मुंबईहून आली ती चटईत गुंडाळून, दोन्ही तोंडांवर गोणपाट शिवून. नगरपर्यंत आगगाडीने आणि पुढे बैलगाडीने येताना निजामाच्या हद्दीवर, करोडगिरीच्या म्हणजे जकातीच्या नाक्यावर, तिचा मुक्काम पडला. ही वस्तू कोणत्या सदरात घालावी हे तिथल्या साहेबांना ठरवता येईना. शेतीचं अवजार म्हणावं तर फाळ नाही, वाद्य म्हणावं तर बोटं ठेवायला भोकं नाहीत, बंदूक म्हणावी तर चाप नाही. त्यांनी एका टोकाला डोळा लावून पाहिलं. मोटारीचा धूर नेणाऱ्या या नळीच्या मधे सायलेन्सरचा फुगीर डबा असतो आणि त्याच्या आत जाळ्या असतात. त्यामुळे पलीकडचा उजेड दिसला नाही आणि संशय वाढला. हा डबा मोटारीचा आवाज कोंडून धरतो, असं मी नाक्यावर जाऊन उर्दूत लिहून दिलं. आवाजावर जकात घेण्याचा नियम त्यांना सापडला नाही, म्हणून नळी सुटली.

केजला आणून ती आमच्या मोटारीखाली धरली, तेव्हा ती बसेना.

कारखान्याची अस्सल नळी अमेरिकेहून यायची, तर तोवर आमचा निकाल लागून गेला असता. म्हणून मुंबईच्या एका दुकानाने स्वतः घडवलेली नळी मागवली होती. या जातीच्या सर्व गाड्यांना ती चालेल, अशी त्यांची हमी होती. गाडी आमचीच होती आणि जातही तीच होती. पण ‘सर्व’ हा शब्द दुकानदार ज्या सैलपणाने वापरतो, त्यात आमची गाडी बसत नव्हती. कारखान्यातून तिच्यानंतर निघालेल्या गाडीसाठी ती नळी केलेली होती. इंजिनाला जोडायच्या तोंडावरच्या चकतीला तीन भोकं, आमच्या इंजिनाला बोल्ट दोन. नळीचं वळण होतं तिथे आमच्या गाडीच्या सांगाड्याची आडवी लोखंडी पट्टी.

गाडी आम्हा दोघांची होती. बीडहून केजमार्गे मोमिनाबादपर्यंत, म्हणजे आताच्या अंबाजोगाईपर्यंत, आम्ही ती उतारूंसाठी चालवत असू. मी त्याआधी सरकारी शाळेत फारसी आणि हिशेब शिकवी. साहेब तपासणीला आले की मुलांना उन्हात रांगेने उभं करायचं काम माझ्याकडे होतं. ते माझ्याच्याने होईना, म्हणून शाळा सुटली. माझे भागीदार केजचेच. ते हैदराबादला एका नवाबाच्या देवडीवर, म्हणजे वाड्यावर, मोटार चालवायला होते आणि मोटारीचं पोट उघडून परत शिवावं इतकी त्यांना ती माहीत होती. मी त्यांना उस्ताद म्हणे, ते मला मास्तर म्हणत. देवडीवर नवाब गाडीत चढताना एकदा, उतरताना एकदा आणि मधे गाडी थांबेल तेव्हा तेव्हा खाली उतरून, वाकून सलाम करायचा असा रिवाज होता. उस्ताद सांगत की इंजिनापेक्षा आपली कंबर आधी झिजली. म्हणून ते गावी परतले होते आणि आपल्या हाताने आपली गाडी चालवत होते. परवाना गेला तर गाडी विकावी लागणार होती, आणि मोटार सोडून दुसरं काही त्यांना येत नव्हतं. म्हणजे परत ती देवडी आणि तो सलाम. बाकी सगळ्या गोष्टी त्यांनी हसून सांगितल्या असतील, ही एक नाही.

परवान्यावर गदा आली त्याचं कारण असं. जुना सायलेन्सर मांजरसुंब्याच्या घाटात गळून पडला आणि गाडी उघड्या तोंडाने केजपर्यंत आली. त्याच दिवशी नवे तहसीलदार केजला हजर होत होते. घोड्यावर बसून, पुढे ताशा, मागे चपराशी, दोन्ही बाजूंना मुद्दाम गोळा केलेली रयत. ताशाला घोडा सरावलेला होता, आम्हाला नव्हता. वळणावर आम्ही समोर आलो आणि घोडा मागच्या पायांवर उभा राहिला. साहेबांच्या डोक्यावरची दस्तार आधी उतरली, साहेब तिच्या मागोमाग, आणि दोघांनाही निवडुंगाच्या कुंपणातून काढावं लागलं.

दुसऱ्या दिवशी हुकूम आला. त्यात घोड्याचा उल्लेख होता, रयतेच्या सुखशांतीचा होता, जनावरांच्या जिवाला पोचणाऱ्या धक्क्याचा होता. निवडुंगाचा नव्हता. मी फारसी शिकवली असल्याने त्या भाषेचा डौल मला कळत होता. मतलब एवढाच की मोटारीचा आवाज बंद होईपर्यंत तिने केजच्या वेशीत येऊ नये. यापुढचा चौथा बाजार झाला की दुसऱ्या दिवशी तिने नेहमीप्रमाणे उतारू घेऊन कचेरीवरून जावं. साहेबांचा घोडा दारात बांधलेला असेल. तो बिचकला तर परवाना रद्द.

“म्हणजे परीक्षा घेनार घोडं,” उस्ताद म्हणाले.

मी म्हणालो, शाळेतल्या तपासणीपेक्षा ही बरी. घोड्याला स्वागताचं गाणं लागत नाही.

वेशीबाहेर गाडीखाली शिरून काम करायला जागा नव्हती. उघड्यावर पाठ टेकून झोपलं तर नळी नाकाला लागते आणि हातोडा फिरवता येत नाही. उस्तादांनी जागा शोधली ती एका बागवानाच्या पेरूच्या मळ्यात. विहिरीवर मोट ओढताना बैल ज्या उताराने पुढे जातात त्याला धाव म्हणतात. वर्षानुवर्षं बैल जाऊन जाऊन या मळ्यातली धाव खालच्या टोकाला माणसाच्या छातीइतकी खोल गेली होती. तिच्यावर दोन फळ्या टाकून उस्तादांनी गाडी आडवी घातली. पुढची चाकं एका काठावर, मागची दुसऱ्या. फळ्या काढल्या की खाली धावेत ताठ उभं राहून काम करता येई. हैदराबादच्या कारखान्यात याच्यासाठी दगडी खड्डा बांधला आहे, असं उस्ताद सांगत. केजला तो बैलांनी बांधून ठेवला होता.

मळ्याच्या मालकाला सगळे चाचा म्हणत. त्यांची अट अशी की सकाळी आणि दिवस कलल्यावर बैलांना धाव मोकळी पाहिजे. म्हणजे आम्हाला मिळे ती भर दुपार. चैत्रातलं ऊन, वर तापलेलं लोखंड, आणि दर दिवशी गाडी धावेवर चढवायची आणि उतरवायची. चाचा काठावर बसून आमच्याकडे बघत आणि आमचं काम किती वाईट चाललं आहे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

“दुकान मुंबईचं, गाडी अमेरिकेची, अन् खड्डा माझ्या बैलाचा,” ते म्हणत. “याच्यात तुमचं दोघांचं काय हाय बे?”

“घाम,” उस्ताद खालून म्हणाले.

पहिलं काम तोंडाचं. चकतीची तीन भोकं आमच्या दोन बोल्टांवर बसणार नव्हती, आणि तिच्यात आणखी दोन पाडावीत तर मधे लोखंडच उरत नव्हतं. म्हणून लोहाराकडून जाड पत्र्याची एक वेगळी चकती कापून घेतली. तिला एका बाजूला इंजिनाची दोन भोकं, दुसऱ्या बाजूला नळीची तीन, आणि मधे धूर जायला वाट. भोकं हाताच्या बरम्याने पाडायची. मी बरमा फिरवी, उस्ताद तेल सोडत, आणि थोड्या वेळाने अदलाबदल. भोक जरा बाजूला गेलं की कानस घेऊन ते लांबवायचं. दोन लोखंडांच्या मधे घालायला तांब्याचा पातळ पत्रा घेतला. तो लाल होईपर्यंत तापवला आणि पाण्यात बुडवला. लोखंड असं केल्याने कडक होतं, तांबं मऊ पडतं आणि फटीत दबून बसतं. माझ्याकडे मोटारीविषयी एक इंग्रजी पुस्तक होतं. त्यात हे दिलेलं होतं. मी ते उस्तादांना वाचून दाखवलं, तर त्यांनी हे हैदराबादला अनेकदा केलं होतं. आमचं दोघांचं ज्ञान बऱ्याच वेळा असं एकाच ठिकाणी भेटे. अडचण नेहमी त्याच्या पुढे असे.

दुसरं काम वळणाचं. नळी नुसती तापवून वाकवली तर ती मोडलेल्या उसासारखी चिमटते. म्हणून तिच्यात वाळू ठासून भरतात, दोन्ही तोंडांना लाकडी गुडद्या ठोकतात आणि मग तापवतात. सायलेन्सरचा डबा आम्ही आधी सोडवून घेतला. वाळू नदीतून आणून उन्हात पसरली होती. वरून ती भाजल्यासारखी कोरडी दिसत होती. मधे हात घालून पाहायचं आम्हा दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही. लोहाराचा भाता मळ्यात आणला, निखारे फुलवले, नळी लाल झाली, आणि आत राहिलेल्या पाण्याची वाफ होऊन एका टोकाची गुडदी तोफेच्या गोळ्यासारखी सुटली. ती पेरूच्या झाडीतून पार गेली. गाडी बंद होती, तरी केजच्या लोकांनी त्या दुपारी आमचा सगळ्यात मोठा आवाज ऐकला.

चाचांनी आधी झाडीकडे पाहिलं. मग म्हणाले, “आवाज बंद करायलात ना तुमी?”

दुसरी वाळू आम्ही कढईत भाजून घेतली. नळी वाकली. आडव्या पट्टीला वळसा घालून ती सरळ मागे गेली, आणि मागच्या चाकांच्या आसाच्या खालून न जाता वरून गेली, कारण खालून गेली असती तर आमच्या रस्त्यावरच्या पहिल्याच दगडाने तिला उपटली असती. आस आणि नळी यांच्यात बोटभर जागा राहिली. उस्तादांनी ती चिमटीने पाहिली, मी पाहिली. सगळे बोल्ट आवळले, शेपटाशी नळी सांगाड्याला पक्की बांधली आणि इंजिन सुरू केलं. काठावरचे बैल रवंथ करत राहिले. त्या आवाजात शेजारच्या माणसाशी साध्या स्वरात बोलता येत होतं. मला वाटलं, झालं.

दुसऱ्या दिवशी आम्ही वेशीबाहेरून उतारू घेतले आणि मोमिनाबादच्या रस्त्याला लागलो. पहिल्या खड्ड्याला मागून ठण्ण असा आवाज आला. दुसऱ्याला तसाच. मग ते आवाज इतके जवळजवळ येऊ लागले की एका म्हाताऱ्याने कोणत्या देवळाची घंटा म्हणून विचारलं. थोड्याच वेळात पुढच्या चकतीचा तांब्याचा पत्रा फाटला, धूर बाहेर फुटला, आणि आम्ही पहिल्यासारखेच बोंबलत परत आलो. रस्त्याने येणाऱ्या गाड्यांचे बैल आम्हाला दुरून पाहूनच शेतात उतरत होते.

नळीवर, आसाच्या बरोबर वर, चकाकता चट्टा पडला होता. आस खालून तिच्यावर घाव घालत होता हे स्पष्ट होतं. उस्तादांनी नळी उतरवली, परत वाळू, परत निखारे, आणि वळण आणखी वर उचललं. धावेवर गाडी घातली. आता आस आणि नळीत दोन बोटं जागा होती. रस्त्यावर गेलो. पहिल्या खड्ड्याला काही नाही, दुसऱ्याला ठण्ण.

बाजार जवळ आला होता. मळ्यात पोचल्यावर उस्तादांनी आस बघितला, तो वाकलेला नव्हता. मग त्यांनी मुंबईच्या दुकानदाराला शिव्या देण्यात थोडा वेळ घालवला. मग नळी परत सोडायला घेतली. मी म्हणालो की आता अंधार पडेल, उद्या पाहू. ते म्हणाले, “मास्तर, देवडीवर मला कुणी उद्या म्हन्लं असतं तर मी थांबलो असतो. हितं न्हाई.” तरी चाचांचे बैल आले आणि आम्हाला धाव सोडावी लागली.

दुसऱ्या दुपारी उस्ताद धावेत उभे राहून आसाकडे टक लावून बघत होते. मला भूक लागली होती. उन्हात बसण्यापेक्षा मी भाकरीचं फडकं घेऊन गाडीत चढलो आणि मागच्या बाकावर बसलो.

“मास्तर, उठा,” खालून आवाज आला.

मी उठलो. म्हटलं, काय झालं?

“बसा.”

मी बसलो.

“उठा. पुन्ना बसा. जरा जोरात बसा.”

मी भाकरी हातात धरून उठत-बसत राहिलो. चाचा काठावरून हे पाहत होते. त्यांनी विचारलं की मास्तरांची शाळा परत सुरू झाली काय. उस्ताद धावेतून वर आले तेव्हा त्यांच्या तोंडावर वंगण होतं आणि ते हसत होते. नळी आल्यापासून पहिल्यांदा.

इतके दिवस आम्ही रिकाम्या गाडीचं माप घेत होतो. माणूस बसला की कमानी, म्हणजे स्प्रिंगा, दबतात, गाडी खाली येते, आणि तिच्याबरोबर सांगाड्याला बांधलेली नळीही. आस मात्र चाकांबरोबर आपल्या जागी राहतो. मी एकटा बसलो तरी ती दोन बोटांची जागा कमी झालेली उस्तादांना दिसली. आमची गाडी तर कधीच एका माणसाची नव्हती. परवान्यात जितके उतारू लिहिले होते, तितक्यांवर ती कधी निघालीच नव्हती. बाकांवर दाटीने, पायऱ्यांवर उभे, मागे ज्वारीची पोती, टपावर गाठोडी, कुणाच्या कुशीत कोंबडी. हे आम्हाला रोज दिसत होतं. गाडीखाली शिरताना मात्र आम्ही गाडी रिकामी करायचो, तिला स्वच्छ करायचो आणि जणू पाहुण्याला दाखवायची आहे अशी ती धावेवर ठेवायचो. इंग्रजी पुस्तकातली गाडीही तशीच होती. तिच्या चित्रात कुणी बसलेलं नव्हतं.

उपाय उघड होता. गाडी नेहमीसारखी भरायची आणि मग माप घ्यायचं. मळ्याबाहेर, वेशीच्या अलीकडे, दिंद्रुडकडून आलेले काही उतारू आमची गाडी कधी सुरू होईल म्हणून झाडाखाली बसलेच होते. मी त्यांना बोलावलं. गाडी काठावर नीट टेकवून चाकांना मागून-पुढून दगड लावले आणि त्यांना चढायला सांगितलं. एक बाई लुगड्याचा ओचा सावरत चढली, गाठोडं मांडीवर घेऊन बसली आणि तिने विचारलं, गाडी कवा निघनार.

“निघनार न्हाई, बाई,” उस्ताद म्हणाले. “नुसतं बसायचं हाय.”

“मंग बसू कावून?”

हा प्रश्न रास्त होता. मी तिला कमानी आणि आस समजावून सांगितला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि नवऱ्याला म्हणाली की हे मास्तर हायती, बसा. पोती लादली. दोघं-तिघं पायऱ्यांवर उभे केले. चाचांनी मळ्यातल्या गड्याला काम सोडून बघायला आलास म्हणून शिव्या दिल्या, आणि मग स्वतः पुढच्या सीटवर जाऊन बसले. चालक नाही, रस्ता नाही, समोर पेरूची झाडं. तरी त्यांनी एक हात बाहेर काढून दारावर ठेवला, आणि तो त्यांनी शेवटपर्यंत काढला नाही.

उस्ताद खाली खडूने खुणा करत होते तेवढ्यात कचेरीचे पेशकार आले. मोटार माणसांनी भरली आहे अशी बातमी साहेबांपर्यंत गेली होती, आणि बंदी असताना गाडी चालू आहे असा त्याचा अर्थ लावला गेला होता. पेशकार हे अंगाने भरलेले गृहस्थ होते आणि शेरवानीची सगळी बटणं लावून उन्हात चालत आले होते. गाडी उभी आहे, चाकांना दगड आहेत, हे त्यांना दिसत होतं. पण लोक बसले आहेत आणि गाडी चालत नाही, याची नोंद कशी करावी ते त्यांना समजेना.

उस्तादांनी धावेतून डोकं वर काढलं. “साहेब, तुमी बी बसा घडीभर. मंजी तुमच्याच डोळ्यांनी खात्री हुईल, चालती का न्हाई.”

पेशकारांना सावली हवी होती. ते चढले. गाडी कण्हल्यासारखी वाजली आणि खालून उस्ताद म्हणाले, “हौ, आता बरोबर.” आमच्या गाडीत सर्वात जड दिवशी जितकं ओझं असे, तितकं आता झालं होतं. बाईने पेशकारांना जरा सरकून घ्यायला सांगितलं. ते सरकले. मी कचेरीत अनेकदा गेलो होतो. तिथे त्यांना कुणासाठी सरकताना मी पाहिलं नव्हतं.

भरलेल्या गाडीखाली आस नळीला टेकलेलाच होता. खड्डा लागल्यावर तो किती वर येत असेल, त्याचा अंदाज उस्तादांनी घेतला, त्यात आणखी दोन बोटं मिळवली, आणि नळीवर, आसावर आणि सांगाड्यावर खुणा केल्या. वर बसलेल्यांपैकी कुणालाच उतरायची घाई नव्हती. पेशकार तंबाखू मळत होते. शेवटी आम्ही त्यांना हाताला धरून उतरवलं. आपण बसलो होतो तोवर गाडी हलली नाही, एवढं ते साहेबांना सांगायला तयार झाले.

परत वाळू भाजली. आता नळी आसावरून कमान टाकून जात होती आणि तिचं शेपूट बाहेरच्या बाजूला वळत होतं. ते रिकाम्या गाडीखाली विचित्र दिसे. चाचा म्हणाले की हे उंटाचं मानगूट आहे. उस्तादांनी ऐकून घेतलं. राहिला होता तो मागचा बांध. नळी शेपटाशी लोखंडाने पक्की आवळली होती, म्हणून प्रत्येक हिसका थेट पुढच्या चकतीला बसत होता आणि तांब्याचा पत्रा फाटत होता. तिला जरा हलायला मोकळीक पाहिजे होती. उस्तादांची नजर विहिरीवर पडलेल्या जुन्या मोटेच्या कातड्यावर गेली. शेपटाशी नळी फारशी तापत नाही, तिथे कातडं टिकलं असतं. चाचा म्हणाले की ते कातडं अजून चांगलं आहे. ते त्यांच्या बैलांच्या आधीच्या बैलांपासून तिथे पडून होतं. उस्तादांनी युक्तिवाद केला नाही. ते फक्त कातड्याजवळ जाऊन उभे राहिले, आणि उभेच राहिले. संध्याकाळचे बैल आले तरी ते हलले नाहीत. शेवटी चाचांनीच विळ्याने पट्टा कापून दिला आणि म्हणाले, “घे बे, न्हाईतर मोटेवर झोपशील.”

बाजार संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी कचेरीसमोर सतरंजी घातली होती. साहेब खुर्चीवर, उजव्या हाताला पोलिसांचे अमीन, डाव्या हाताला पेशकार, मागे मोरपिसांचं मोरचेल घेतलेला चपराशी. खटल्याच्या निकालाला जमत नसतील इतकी माणसं जमली होती, कारण गेल्या वेळचा प्रकार अनेकांचा बघायचा राहून गेला होता. घोडा दाराजवळ बांधला होता आणि त्याच्यापुढे कडबा टाकला होता.

आम्ही गाडी काठोकाठ भरून वेशीतून आत आलो. मी मागच्या बाकावर होतो. नळी माझ्या पायाखालून जात होती आणि माझे कान पायात आले होते. कचेरीच्या अलीकडे रस्त्यात एक नाली होती. तिच्यात चाक उतरलं, कमानी दबल्या. मी पाय उचलून धरले. काही वाजलं नाही. चाक वर आलं. उस्ताद समोर पाहत होते. गाडी घोड्याच्या इतक्या जवळून गेली की पायरीवरच्या माणसाने कडब्यावरून पाय उचलून घेतला. घोड्याने एक कान आमच्याकडे वळवला, काही विशेष नाही असं पाहिलं आणि खाणं चालू ठेवलं.

जमलेल्यांची निराशा झाली. साहेबांचीही झाली असावी. एवढी सतरंजी घालून काहीच घडलं नव्हतं. पण हुकूम त्यांचाच होता आणि घोडाही त्यांचाच. त्यांनी परवान्यावर सही केली. उस्तादांनी गाडी पुढे उभी करून, इंजिन बंद करून, जाऊन तो घेतला. मीही मागे उभा होतो.

साहेबांना मग एक गोष्ट आठवली. त्यांनी सांगितलं की यापुढे मोटार कचेरीवरून जाईल तेव्हा दर वेळी दारात थांबेल. चालक खाली उतरून सलाम करील आणि मग पुढे जाईल. सरकारी जागेचा अदब म्हणून.

मी उस्तादांकडे पाहिलं. परवान्याचा कागद त्यांच्या हातात होता आणि हात खाली आला होता. तसे ते देवडीवर उभे राहत असतील, असं मला वाटलं. मग ते अतिशय नम्रपणे म्हणाले, “हुजूर, हुकूम सर आंखों पर. एकच अर्ज हाय. गाडी थांबली की इंजिन बंद करावं लागतं. परत हँडल मारून चालू करताना एखाद्या वेळी नळीतून धमाका निघतो. त्याला सायलेन्सर काय करनार? हुजूरला आत्ता हितंच करून दाखवतो.”

आणि ते खरंच गाडीकडे चालू लागले. वाळूच्या दिवशीचा धमाका सगळ्या गावाने ऐकला होता. साहेबांनी उस्तादांकडे पाहिलं, घोड्याकडे पाहिलं, आणि मग रस्त्यापलीकडच्या कुंपणाकडे. त्यांनी पेशकारांच्या कानात काहीतरी सांगितलं. पेशकारांनी आधी उस्तादांना गाडी ढकलत पिंपळापर्यंत न्यायला आणि तिथे सुरू करायला फर्मावलं. मग त्यांनी परवान्यावर एक ओळ वाढवून दिली. ती मी उर्दूत वाचली आणि उस्तादांना मराठीत सांगितली. मोटारीने कचेरीसमोर कोणत्याही कारणाने थांबू नये.

आम्ही उतारूंसह गाडी ढकलली. चालू झाली ती पहिल्या हँडलला, धमाका वगैरे काही न होता. परीक्षेसाठी चढलेल्यांपैकी कुणी उतरायला तयार नव्हतं, म्हणून आम्ही तसेच मोमिनाबादला निघालो. रस्ता नेहमीसारखाच होता. खड्ड्यामागून खड्डे आले आणि मी प्रत्येक वेळी पाय उचलून खालचं ऐकत राहिलो. बरंच पुढे गेल्यावर उस्तादांनी मागे न पाहता विचारलं, “वाजतं का मास्तर?”

मी म्हणालो, नाही. ते म्हणाले, मग पाय खाली ठेवा.